स्नायूला व्यायाम कळतो कसा ?



‘व्यायाम केला म्हणजे अंगांत ताकद येते’ हें वाक्य आपण सर्वांनीं लहानपणापासून ऐकलेलें आहे. तालमींतला वस्ताद तें सांगतो, शाळेंतले मास्तर सांगतात, आणि घरांत आजोबा असले तर तेहि सांगतात. वाक्य अगदीं खरें आहे; मात्र त्यांतला ‘म्हणजे’ हा शब्द मोठा लबाड आहे. व्यायाम केला हें एक टोंक, ताकद आली हें दुसरें टोंक. मधलें सारें त्या एका ‘म्हणजे’च्या पोटांत लोटून आपण मोकळे होतों. लोखंडाची कांब रोज वांकविली तर ती बळकट होत नाहीं, एक दिवस मोडते. जोडा रोज वापरला तर त्याचा तळ झिजतो, जाड होत नाहीं. मग मांडीचा स्नायु तेवढा वापरल्यानें वाढतो कसा ? आज ह्या माणसानें शंभर बैठका मारल्या, उद्यां आणखी मारणार आहे, तेव्हां तयारीस लाग, असें त्याला कोण सांगतें ? आजच्या भाषणांत त्या ‘म्हणजे’च्या पोटांत थोडें डोकावून पाहावयाचें आहे.

शरीरशास्त्र शिकविणें हा माझा व्यवसाय. असें असूनहि ह्याच विषयांत माझ्या हातून माझ्याच घरांत एक चूक झाली. ती कोणती तें पुढें सांगेन. आधीं स्नायूची ओळख करून घेऊं.

श्रोत्यांनीं आपल्या दोन्ही हातांचीं बोटें समोरासमोर धरून एकमेकांच्या फटींत थोडीं सरकवावीं. आतां बोटें न वांकवितां हात जवळ आणावे. बोटांची लांबी तेवढीच राहिली, पण दोन मनगटांतलें अंतर कमी झालें. स्नायु आखडतो तो ह्याच रीतीनें. स्नायूचा प्रत्येक तंतु ही केंसाइतकी बारीक पण लांबच लांब अशी एकच पेशी असून तींत शेंकडों पेशीकेंद्रें असतात. तिच्या आंत दोन प्रथिनांचीं सूत्रें ह्या बोटांसारखीं एकमेकांत बसविलेलीं असतात. जाड सूत्रें मायोसिनचीं, बारीक सूत्रें अ‍ॅक्टिनचीं. अ‍ॅक्टिन हें १९४२ सालीं हंगेरींतील सेगेद येथें, सेंट-ज्यॉर्जी ह्यांच्या प्रयोगशाळेंत स्ट्राउब ह्यांनीं वेगळें केलें. सूत्रें आखूड होत नाहींत, तीं एकमेकांवरून सरकतात, ही गोष्ट १९५४ सालीं ‘नेचर’ नियतकालिकाच्या एकाच अंकांत दोन जोड्यांनीं स्वतंत्रपणें मांडली. मौज अशी कीं, दोन्ही जोड्यांत एकेक हक्स्ले होता, आणि ह्या दोन हक्स्लेंचें एकमेकांशीं कांहींहि नातें नव्हतें.

ह्या सरकण्याला जें इंधन लागतें त्याचें नांव अ‍ॅडिनोसिन ट्रायफॉस्फेट. नांव जड आहे. आपण त्याला तीन मण्यांची माळ म्हणूं, कारण त्यांत फॉस्फेटाचे तीन मणी एकापुढें एक ओंवलेले असतात. शेवटचा मणी तुटला कीं शक्ति मोकळी होते आणि मायोसिन एक ओढ घेतें. ह्या माळेच्या शोधांत जर्मनीच्या लोमान ह्यांच्या बरोबरीनें आपल्या आंध्रांतील भीमवरमच्या येल्लाप्रगड सुब्बाराव ह्यांचें नांव घ्यावें लागतें. अमेरिकेंत हार्वर्ड येथें फिस्के ह्यांच्याबरोबर काम करीत असतां त्यांनीं १९२७ सालीं स्नायूंतील क्रिएटिन फॉस्फेट हा राखीव सांठा ओळखला आणि १९२९ सालीं ही माळहि वेगळी केली. स्नायूंत ह्या माळांचा तयार सांठा इतका थोडा असतो कीं जिवापाड धांवणाऱ्यास तो कांहीं सेकंद पुरेल. म्हणून माळ तुटत असतांनाच ती पुन्हां ओंवण्याचें काम अखंड चालूं असावें लागतें. तें काम मुख्यतः तंतुकणिका करितात. प्राणवायूच्या साह्यानें साखर व चरबी जाळून माळा ओंवणाऱ्या ह्या पेशींतल्या चुली होत.

आतां मुख्य प्रश्न. व्यायामाचा निरोप स्नायूला कोठून मिळतो ? मेंदूकडून, रक्तांतून, कीं आणखी कोठून ? १९६६ सालीं स्टॉकहोममध्यें बर्गस्ट्रॉम व हुल्टमन ह्या दोघां डॉक्टरांनीं एक प्रयोग केला. मला तो ह्या सर्व शास्त्रांतला सर्वांत सुबक प्रयोग वाटतो. ह्या दोघांनीं दुसऱ्या कोणाला त्रास दिला नाहीं; स्वतःचेच पाय वापरले. व्यायामाच्या एकाच सायकलीच्या दोन बाजूंना दोघे बसले आणि प्रत्येकानें फक्त एकाच पायानें, अगदीं थकून जाईपर्यंत, पायटा मारला. दुसरा पाय स्वस्थ. मग तीन दिवस दोघेहि पिष्टमय अन्न भरपूर खात राहिले, आणि दोन्ही मांड्यांतून जाड सुईनें स्नायूचे कण काढून त्यांतील ग्लायकोजन, म्हणजे सांठविलेली साखर, मोजीत राहिले. थकलेल्या पायांतला सांठा प्रथम जवळजवळ संपला होता. पण तीन दिवसांत तो भरून निघाला, इतकेंच नव्हे तर स्वस्थ पायांतल्या सांठ्याच्या सुमारें दुप्पट झाला. स्वस्थ पायांत मात्र म्हणण्यासारखा फरक नव्हता. माणूस एक, अन्न एक, दोन्ही पायांत खेळणारें रक्त एक, इच्छाशक्ति एक. तरीहि हिशेब दोन्ही पायांचे वेगळे ! पुढें १९७६ सालीं सॉल्टिन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं कांहीं आठवडे एकाच पायाला सायकलीचा व्यायाम देऊन पाहिलें. तेव्हांहि चुली पेटविणारीं विकरें वाढलीं तीं ज्या पायानें काम केलें त्याच्यांतच.

म्हणजे निरोप बाहेरून येत नाहीं, निदान मुख्य निरोप येत नाहीं. ज्या तंतूनें काम केलें तोच तें ओळखतो. कशानें ? कामानें त्याच्या आंत जी ओढाताण होते तिच्यावरूनच.

त्यांतली पहिली खूण म्हणजे इंधनाची चणचण. तीन मण्यांच्या माळेचा एक मणी तुटला कीं दोन मण्यांची माळ उरते. अशा दोन उरलेल्या माळा एकत्र येऊन पेशींतील एक विकर त्यांतून एक तीन मण्यांची व एक एकाच मण्याची माळ बनवितें. कंजूष गृहिणीनें उरलेल्या दोन तुकड्यांतून एक धड चोळी बेतावी आणि चिंधी बाजूस ठेवावी, तसा हा प्रकार आहे. विसावलेल्या स्नायूंत ही एक मण्याची चिंधी इतकी क्वचित् असते कीं, पूर्ण माळांचा सांठा किंचित् जरी घटला तरी चिंध्या मात्र कित्येक पटींनीं वाढतात. शहाणी गृहिणी डबा रिकामा होण्याची वाट पाहत नाहीं. ती चिंध्यांचा ढीग पाहूनच ओळखते. पेशींत ह्या चिंध्या मोजणारें एक विकर आहे. त्याचें संक्षिप्त नांव एएमपीके. स्कॉटलंडांतील डंडी येथील हार्डी ह्यांनीं त्याचा पुष्कळ अभ्यास केला, आणि विंडर ह्यांच्यासह १९९६ सालीं त्यांनीं दाखविलें कीं, पळत्या पट्ट्यावर उंदीर धांवूं लागला कीं त्याच्या स्नायूंत हें विकर जागें होतें. जागें झालें कीं तें तात्पुरती काटकसर सुरू करितें, अधिक साखर आंत ओढावयास लावितें, आणि पुढच्या खेपेला अशी चणचण पडूं नये म्हणून पेशीकेंद्राकडे निरोप धाडतें.

दुसरी खूण कॅल्शियमची. मज्जातंतूचा हुकूम आला कीं तंतूच्या आंतल्या जाळीदार पिशव्यांतून कॅल्शियम बाहेर उसळतें. त्याशिवाय सूत्रें सरकूंच शकत नाहींत. काम झालें कीं तें परत पिशव्यांत ओढलें जातें. ही भरती किती वेळां आली, किती वेळ टिकली, ह्यावरून स्नायूला आपल्याकडून कोणत्या जातीचें काम घेतलें जात आहे तें समजतें. पाठीचा कणा दिवसभर उभा धरणारे स्नायु संथ व चिवट असतात, झडप घालणारे चपळ पण लवकर दमणारे. ही जात जन्मभराची, असें कोणी म्हणेल, तसें नाहीं. १९६० सालीं बुलर व दोघे एक्लेस ह्यांनीं मांजराच्या चपळ व संथ स्नायूंच्या मज्जातंतूंची अदलाबदल करून टांके घातले, तेव्हां स्नायूंचे स्वभाव नव्या धन्याप्रमाणें पालटूं लागले. १९६९ सालीं सामन्स व व्रबोव्हा ह्यांनीं सशाच्या चपळ स्नायूला आठवडेच्या आठवडे विजेचे संथ ठोके दिले, आणि तो संथ झाला. हुकूम कसा येतो, त्यावर चाकराची जात ठरते !

हे निरोप पेशीकेंद्रांत पोंचल्यावर तेथें काय घडतें ? तेथें जनुकांच्या रूपानें शरीरांतील प्रत्येक प्रथिनाचा कित्ता ठेवलेला असतो. सर्वच कित्ते सदासर्वदा उतरवून काढले जात नाहींत. कोणता उघडावा, कोणता मिटावा, हें ठरविणारीं प्रथिनें असतात. १९९८ सालीं बोस्टन येथें स्पीगेलमन ह्यांच्या प्रयोगशाळेंत असें एक प्रथिन सांपडलें. त्याला जें नांव दिलें, पीजीसी-वन-अल्फा, तें एखाद्या आगगाडीच्या डब्यावर शोभावें. पण काम मोठें आहे. हें प्रथिन बांधकामावरच्या मुकादमासारखें आहे. तें स्वतः कुदळ धरीत नाहीं, जनुकाला हातहि लावीत नाहीं; जे कामगार आधींच जनुकांपाशीं बसलेले असतात त्यांना तें हलवितें आणि एकाच वेळीं शेंकडों कित्ते उघडवितें. त्यांत नव्या तंतुकणिका उभारण्याचे कित्ते मुख्य. चुली वाढतात ही गोष्ट सेंट लुइस येथील होलोझी ह्यांनीं १९६७ मध्येंच दाखविली होती. बारा आठवडे पळविलेल्या उंदरांच्या स्नायूंत प्राणवायु वापरण्याची शक्ति सुमारें दुप्पट झाली होती. पण हुकूम कोण देतो तें समजावयास आणखी तीस वर्षें लागलीं. येथें एक गोष्ट मात्र सांगितलीच पाहिजे. ज्या उंदरांच्या स्नायूंतून हा मुकादम मुद्दाम काढून टाकला, त्यांच्या स्नायूंतहि व्यायामानें बरीच सुधारणा होते. शरीर एवढें महत्त्वाचें काम एकाच मुकादमावर सोंपवीत नाहीं.

हें झालें दमाविषयीं. आतां ताकदीविषयीं. जड वजन उचललें कीं स्नायु जाड होतो तो नवीं सूत्रें विणल्यामुळें. ह्या विणकामाचा हुकूम देणारें विकर कसें सांपडलें ती कथा मोठी वळणाची आहे. १९६४ सालीं पॅसिफिक महासागरांतील, प्रचंड दगडी पुतळ्यांसाठीं प्रसिद्ध असलेल्या, ईस्टर बेटावर कॅनडाहून एक मोहीम गेली. तिनें आणलेल्या मातींत एक जंतु निघाला. माँट्रियल येथील प्रयोगशाळेंत सुरेंद्रनाथ सेहगल ह्या हिंदुस्थानांत जन्मलेल्या शास्त्रज्ञानें व त्याच्या सहकाऱ्यांनीं त्या जंतूपासून बुरशी मारणारें एक औषध काढलें आणि बेटाच्या मूळच्या ‘रापा नुई’ ह्या नांवावरून त्याला रापामायसिन म्हटलें. पुढें मूत्रपिंडाच्या रोपणानंतर शरीरानें तें झिडकारूं नये म्हणून हें औषध वापरण्यांत येऊं लागलें. तें पेशींत नेमकें कोणाला अडवितें ह्याचा शोध घेतां घेतां जें विकर हातीं लागलें, त्याला औषधावरूनच टॉर हें नांव पडलें. सस्तन प्राण्यांतलें तें एम-टॉर. २००१ सालीं बोडीन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं उंदरांच्या स्नायूवर जादा भार टाकला आणि बरोबर हें औषध दिलें. स्नायूची अपेक्षित वाढ जवळजवळ पूर्णपणें थांबली. २००९ सालीं माणसांतहि असेंच दिसलें : वजन उचलण्यापूर्वीं औषध घेतलेल्यांच्या स्नायूंत नव्या प्रथिनांचें विणकाम वाढलें नाहीं. तेव्हां ताण पडला कीं हें विकर जागें होतें, आणि विणकाम सुरू होतें. पण विणकऱ्याला सूत हवें. अन्नांतील प्रथिनांचे घटकहि ह्याच विकराला जागवितात. आपल्याकडे वयस्क माणसें रात्रीं चहा आणि खारी खाऊन निजतात. त्यांच्या ताटांत दूध, पिठलें, उसळ, चालत असेल त्यांना अंडें, असें कांहींतरी पडलें पाहिजे.

विणकामाला मदतनीसहि असतात. १९६१ सालीं न्यूयॉर्कमध्यें मॉरो ह्यांना बेडकाच्या स्नायुतंतूच्या कडेला चिकटून निजलेल्या लहान पेशी दिसल्या. तंतूला इजा झाली किंवा त्याच्यावर भार वाढला कीं ह्या जाग्या होतात, वाढतात आणि तंतूंत मिसळून आपलीं पेशीकेंद्रें त्याला देऊन टाकतात. ऑस्लो येथें २०१० सालीं उंदरांत असें आढळलें कीं, भारामुळें मिळालेलीं हीं केंद्रें नंतर स्नायु सुकला तरी नाहींशीं होत नाहींत. तरुणपणीं तालीम केलेल्या माणसाचें शरीर मधलीं आळसाचीं वर्षें गेल्यावरहि लवकर सांवरतें, असें आपले वस्ताद म्हणतात. त्याचें कारण कदाचित् येथें असेल.

आतां ज्या गोष्टीसाठीं मीं हा सर्व प्रपंच केला ती. हे सगळे निरोप अल्पायुषी असतात. व्यायामानंतर कित्ते उघडतात ते कांहीं तासांपुरते. बहुतेक एका दिवसांत पुन्हां मिटतात. त्यांवरून बनलेलीं प्रथिनें जास्त टिकतात, पण तींहि अमर नव्हेत. तंतुकणिकांतील वाढलेल्या प्रथिनांचा निम्मा वांटा सुमारें आठवड्याभरांत ओसरतो. वरचेवर नवा निरोप आला नाहीं, तर स्नायु तो संसार मोडून टाकतो. ह्यांत त्याचा दोष नाहीं. न लागणाऱ्या चुली पेटत्या ठेवणें कोणत्याहि घराला परवडत नाहीं. अमेरिकेंत डॅलस येथें १९६६ सालीं वीस वर्षांच्या पांच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर निजवून ठेवलें. त्यांची प्राणवायु वापरण्याची कमाल शक्ति चतुर्थांशाहून अधिक घटली. तीस वर्षांनीं तेच पांच जण पुन्हां तपासले, तेव्हां असें दिसलें कीं, त्या तीन आठवड्यांनीं जेवढें नुकसान केलें होतें तेवढें मधल्या तीस वर्षांच्या वाढत्या वयानेंहि केलें नव्हतें. ह्या नुकसानींत हृदयाचा वांटा मोठा आहे, हें खरें. तरीहि अंथरूण हें किती महाग औषध आहे, तें ह्यावरून दिसेल.

आणि हेंच मी घरांत विसरलों. माझ्या आईच्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली तेव्हां ती अठ्ठ्याहत्तर वर्षांची होती. आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहतों. तोंवर रोज सकाळीं दूध आणि देवाला फुलें आणावयास तीच खालीं जात असे. शस्त्रक्रियेनंतर कांहीं दिवस तिनें जपावें हें योग्यच होतें. पण दिवसांचे महिने झाले तरी आमचें जपणें संपेना. मी म्हणें, “आई, तूं जिना उतरूं नकोस. आम्ही आहोंत ना ?” सून पाणी हातांत देई, नात चष्मा आणून देई. शेजारीपाजारीं आमचें कौतुक झालें. चार-पांच महिन्यांनीं एके संध्याकाळीं ती खुर्चींतून उठूं लागली, आणि तिला उठतां येईना. मीं हात दिला. ती म्हणाली, “अरे, बसून बसून हे पाय माझे राहिलेच नाहींत.” त्या दिवशीं सकाळींच मीं वर्गांत होलोझींचे उंदीर शिकविले होते.

वय झालें, आतां काय वाढणार, असें मला त्या रात्रीं वाटलें. पण तेंहि खरें नाहीं. उतारवयांत कांहीं मज्जातंतु कायमचे गळतात आणि विणकामाचा हुकूमहि पूर्वीइतका ठळक ऐकूं येत नाहीं; परंतु ऐकूं येतो. १९९० सालीं बोस्टन येथें फियाटारोन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं वृद्धाश्रमांतील शहाऐंशीं ते शहाण्णव वर्षांच्या दहा दुबळ्या माणसांना आठ आठवडे, देखरेखीखालीं, मांडीच्या स्नायूंसाठीं चांगलें जड वजन उचलावयास लाविलें. नऊ जणांनीं तें पुरें केलें. त्यांची ताकद सरासरीनें १७४ टक्क्यांनीं वाढली. मांडींतील स्नायूच्या आडव्या छेदाचें क्षेत्रफळ मात्र ९ टक्के वाढलें. ह्या दोन आंकड्यांतलें अंतर पाहून गोंधळून जाऊं नये. आरंभीची बरीचशी ताकद ही मज्जातंतूंनीं निजलेल्या तंतूंना हांक मारण्याची जुनी संवय पुन्हां उचलल्यानें येते; विणकाम मागून येतें. त्यांतल्या दोघांनीं हातांतली काठी टाकली. आणि व्यायाम थांबविल्यावर चार आठवड्यांत त्यांच्या ताकदीपैकीं सुमारें एक तृतीयांश गेली.

आमच्या डॉक्टरांनीं आईचें हृदय, रक्तदाब आणि गुडघे तपासून परवानगी दिली. ती देण्याआधीं कोणीहि ऐकीव गोष्टींवर वृद्धांस उठाबशा काढावयास लावूं नयेत. प्रथम उंच खुर्ची, टेबलावर एक हात, आणि दिवसाआड पांच वेळां उठणें, एवढेंच. तिसऱ्या आठवड्यांत टेबलावरचा हात सुटला. मग खुर्चीची उशी काढली, मग दहा वेळां, मग हातांत एक किलो तांदळाची पिशवी. आंकडा ती स्वतः मोठ्यानें म्हणे, आणि सात नंतर एकदम नऊ म्हणण्याची लबाडीहि करी. रात्रींच्या चहाऐवजीं कपभर दूध घेण्यास मात्र तिनें फार कुरकुर केली; त्यांत हळद घालून तिची समजूत काढावी लागली.

परवां मी सकाळीं उठलों तों स्वयंपाकघरांत दुधाची पिशवी आणि झेंडूचीं फुलें ठेवलेलीं होतीं. वर येतांना पहिल्या मजल्यावर कठड्याला धरून ती बराच वेळ उभी होती, असें खालच्या शेजारणीनें मला सांगितलें. आई हें कबूल करीत नाहीं.